कुणाचं जुनेर?

पार्सल आलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. खाली येईपर्यंत आजीने ते घेतलं होतं आणि उघडलंही होतं. जून महिना होता, रत्नागिरीत चार दिवस ऊन नव्हतं, आणि पडवीतल्या दोरीवर आमचे स्वतःचेच कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. त्यात ही भर. एक निळं डेनिम जॅकेट आणि एक तपकिरी लेदरचे बूट. इन्स्टाग्रामवरच्या एका थ्रिफ्ट पेजवरून मागवलेले. जॅकेट साडेचारशे रुपये, बूट सातशे.

आजीने जॅकेट नाकाशी नेलं. "नवं नाय ह्ये," ती म्हणाली. "कुणाचं हाय?"

"माझं."

"तुजं आता झालं. आदी कुणाचं व्हतं?"

मला उत्तर देता आलं नाही. पेजवर छातीचं माप इंचांत दिलं होतं, आतल्या खिशावरचा बारीक डाग फोटोत दाखवला होता, खालचं एक बटण नाही हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण ते आधी कुणाच्या अंगावर होतं, हे कुठेच नव्हतं. तिथे एकच शब्द होता, 'प्री-लव्हड'. म्हणजे आधी कुणीतरी प्रेमाने वापरलेलं. मी तो आजीला समजावून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "आमी त्येला जुनेर म्हनायचो."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलेला नसेल. जुनेर म्हणजे वापरून जुनं झालेलं वस्त्र, मुख्यतः लुगडं. त्या दिवशी आजीने जॅकेट दोन बोटांत धरून माझ्याकडे परत दिलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या विषयावर बोलली नाही. मला वाटलं, जुन्या माणसांचा नेहमीचा सोवळेपणा. तसं नव्हतं. ते काय होतं हे कळायला मला बरेच महिने लागले, आणि थोडा इतिहास वाचावा लागला.

*

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, कुणब्याचं घर. जमीन खोताची. रत्नागिरी जिल्ह्यात खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मधला माणूस. प्रत्यक्षात मात्र तोच गावचा मालक. कुळाने पिकवायचं, खोताला वाटा द्यायचा आणि वर त्याच्या घरी वेठीलाही जायचं. या पद्धतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यामुळे. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावातली उठबस बदलत नाही. आजीची आई त्यानंतरही बरीच वर्षं खोताच्या घरी भात कांडायला आणि अंगण सारवायला जात होती.

शिमग्याला खोतीणबाई तिला एक जुनेर देत. नऊवारी लुगडं, मधे विरलेलं, काठ मात्र धड. ते घरी आलं की त्याचा प्रवास सुरू होई. धड भाग आई नेसायची. त्यातूनच आजीचा परकर निघायचा. परकर फाटला की तान्ह्या भावाची दुपटी. दुपटी विरली की वाकळीत थर म्हणून. आणि वाकळीतही न बसणारा तुकडा चुलीपाशी पोतेरं म्हणून, जमीन सारवायला. आज आपण ज्याला सस्टेनेबल वगैरे म्हणतो, ते सगळं त्या एका लुगड्यात होतं. फक्त कुणी त्याचा फोटो काढला नव्हता.

मग आजीला राग कशाचा?

"काठ," ती म्हणाली. खोतिणीच्या लुगड्याचे काठ अख्ख्या वाडीला पाठ होते. आजी तो परकर घालून देवळात गेली, तेव्हा खोताची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "हे माझ्या आईचं." एवढंच. ती काही वाईट बोलली नव्हती, खरं तेच बोलली होती. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. सत्तर वर्षांनंतर ती मला काठाचा रंग सांगते, हिरवा, वर बारीक लाल रेघ.

*

यातली गंमत म्हणा किंवा क्रूरपणा म्हणा, आजीचे वडील तेव्हा परळच्या कापड गिरणीत होते. मुंबईच्या गिरण्या ज्या माणसांच्या जोरावर उभ्या राहिल्या, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा वाटा सगळ्यांत मोठा होता. बाप दिवसभर नवं कापड विणत होता आणि गावी बायको-मुलं जुनेरात होती. गणपतीला ते गावी आले की कटपीसचा एखादा तुकडा आणायचे. तेवढं वर्षाचं नवं कापड.

त्याच परळमध्ये ३१ जुलै १९२१ ला कपड्यांची एक प्रचंड होळी झाली होती. एल्फिन्स्टन मिलजवळच्या आवारात विदेशी कापडाचा ढीग रचला होता आणि गांधीजींच्या उपस्थितीत तो पेटवला गेला. शाळेत आपण हे शिकतो, पण त्यानंतरचा वाद शिकत नाही. देशात लाखो लोकांना अंगभर कापड नाही आणि आपण ते जाळतो, हे रवींद्रनाथ टागोरांना पटलं नाही. जाळण्याऐवजी गरिबांना द्या, असं इतरही अनेकांचं म्हणणं होतं. मलाही ते पटलं असतं. तुम्हालाही पटेल.

गांधीजींनी १३ ऑक्टोबर १९२१ च्या 'यंग इंडिया'त टागोरांना उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की उघड्या माणसाला काम हवं आहे, ते न देता कपडे देणं हा त्याचा अपमान आहे. आपण त्याच्या गरिबीला हातभार लावलेला असेल, तर त्याचा आश्रयदाता व्हायचा आपल्याला अधिकार नाही. त्याला द्यायचंच तर उष्टं आणि उतरलेलं नव्हे, आपल्याकडचं चांगल्यातलं द्यावं.

होळी योग्य होती की नाही, यावर वाद घालता येईल. मला थांबवलं ते एका गोष्टीने. जुना कपडा देणं ही चांगलीच गोष्ट, असं मी कायम धरून चालले होते. त्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो, हे आजीला आठव्या वर्षी कळलं होतं. मला ते अठ्ठाविसाव्या वर्षी वाचून कळलं.

*

ही वर-खालची रचना नुसती रीत नव्हती. ती लिहून ठेवलेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात चांडाळाने कोणते कपडे घालावेत तेही ठरवून दिलं आहे. मेलेल्या माणसांचे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा 'हक्क' मानला जाई. शब्द कसा वापरला आहे पाहा. ज्या वस्तूला दुसरं कुणी हात लावणार नाही, ती घेण्याचा हक्क!

म्हणजे सेकंड हँड कपड्यांचा आपल्याकडचा इतिहास फॅशनपासून सुरू होत नाही. कुणी नवं घालायचं आणि कुणी उतरलेलं, हे जन्माआधीच ठरलेलं असण्यापासून तो सुरू होतो.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. महाड रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारी. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तर आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. त्या परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे त्यांनी वेगळं भाषण केलं. धनंजय कीरांच्या चरित्रात ते वाचताना मला माझं जॅकेट आठवलं. बाबासाहेबांच्या सांगण्याचा मथितार्थ असा: स्वतःला अस्पृश्य समजू नका, कपड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असू द्या, आणि तुम्ही कोणतं वस्त्र नेसावं, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे ठरवण्याचं तुमचं स्वातंत्र्य कुणी हिरावू शकत नाही. कीर लिहितात, की त्या भाषणाचा परिणाम लगेच दिसला, बायकांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलली.

इथे बाबासाहेब नवे कपडे घ्या म्हणत नाहीत. बहुतेकींकडे त्यासाठी पैसे नव्हते, हे त्यांना माहीत होतं. ठिगळ चालेल, असं ते सांगतात. चालणार नाही ती फक्त एक गोष्ट, आपल्या अंगावर काय असावं हे दुसऱ्याने ठरवणं. तीच नऊवारी, तीच ठिगळं, पण नेसणं स्वतःच्या मनाचं.

हे मी आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

खोतिणीचं जुनेर त्यांच्या घरात संपत नव्हतं. त्यातलं अगदी फाटकं, जे वाकळीतही लावायचं नाही, ते आजीची आई गावाबाहेरच्या महारवाड्यातल्या एका बाईला द्यायची. वरून. हातात नाही. ती बाई पदर पसरायची. "आमाला खोतिणीचा राग यायचा," आजी म्हणाली, "पन आमी काय येगळं करत व्हतो?" मग एक वर्ष असं आलं, की आई नेहमीसारखं जुनेर घेऊन गेली आणि त्या बाईने पदर पसरला नाही. नको म्हणाली. भांडली नाही, ओरडली नाही. नको, एवढंच. आजीला साल आठवत नाही. "ते लोक बुद्ध झाले त्येच्यानंतर," असं ती सांगते. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतरची वर्षं. गावकीची कामं आणि त्याबरोबर येणारं शिळं, उतरलेलं सगळं नाकारण्याची लाट तेव्हा गावोगाव पसरली होती.

आजीची आई घरी येऊन चिडचिड करत होती म्हणे. एवढं चांगलं द्यायला गेले तर! आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिला आतून बरं वाटलं होतं, आणि का ते कळत नव्हतं.

*

आजीनंतरच्या पिढीने यावर एक वेगळीच तोड काढली. बोहारीण. माझ्या आईच्या लग्नातल्या साड्या कुठे गेल्या असं मी विचारलं, तर ती कपाटाऐवजी स्वयंपाकघराकडे बोट दाखवते. ते मोठं स्टीलचं पातेलं म्हणजे दोन साड्या आणि बाबांच्या तीन पँटी. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायका बऱ्याचदा मूळच्या गुजरातकडच्या, वाघरी समाजातल्या. त्या जुने कपडे नेतात, धुतात, रफू करतात, इस्त्री फिरवतात आणि लांबच्या बाजारात विकतात. जरीच्या साडीचा भाव निराळा, कारण जर वितळवून चांदी काढता येते.

लहानपणी त्या घासाघिशीचा मला कंटाळा यायचा. तासभर चालायचं ते. साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची, आईने पातेलं वाजवून ते हलकं असल्याचं दाखवायचं, ती उठून चालायला लागायची, आई परत बोलवायची. आता वाटतं, त्या घासाघिशीत एक मोठी गोष्ट होती. तिथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. बोहारीण पदर पसरत नव्हती, ती साडीला नावं ठेवत होती! आणि तिच्याकडून ती साडी पुढे जी बाई घेणार, तीही पैसे मोजून, चार साड्या उलटसुलट करून, रंग निवडून घेणार. तिला "हे माझ्या आईचं" म्हणायला कुणी येणार नाही. मधल्या प्रवासात काठाची ओळख पुसली गेलेली असते.

माझं थ्रिफ्ट पेज म्हणजे याच बोहारणीची पुढची आवृत्ती. ठरलेल्या वेळी फोटो पडतात, पहिली कमेंट करेल त्याचा माल, यूपीआय केलं की कुरिअर. २०२० च्या लॉकडाऊनपासून अशी पेजेस भारतभर फुटली. कॉलेजच्या पोरींनी घरातल्या कपाटापासून सुरुवात केली. मग कपाट संपलं. तरीही दर आठवड्याला पन्नास नव्या वस्तू येतच राहिल्या. त्या कुठून येतात?

मी पेजला विचारलं. उत्तर आलं, सोर्सिंग सांगत नाही, सॉरी, सोबत एक हार्ट.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर धुण्याच्या सूचना सात-आठ युरोपीय भाषांत आहेत. म्हणजे ते बहुधा तिकडे विकलं गेलं होतं. श्रीमंत देशांत लोक दानपेटीत टाकतात त्या कपड्यांच्या गाठी बांधून जगभर विकल्या जातात. घालता येण्याजोगे जुने कपडे आणायला भारतात सरकारी परवाना लागतो. कापून चिंध्या केलेले असतील तरच ते सहज येतात. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा गाठी उघडून, निवडून पुन्हा परदेशी पाठवण्याचे कारखाने आहेत. त्यातला काही माल बाहेरच्या बाजारात झिरपतो, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. उरलेल्यातलं पुष्कळ पानिपतला जातं.

पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. कापडाच्या धंद्यात पानिपत म्हणजे जगभरच्या जुन्या लोकरी कोटांची शेवटची जागा. तिथे बायका जमिनीवर बसून कोटांची बटणं आणि चेन काढतात, रंगानुसार ढीग लावतात. निळ्याचा निळा, लालचा लाल, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रात ते पिंजून त्याचं सूत काढतात आणि त्या सुताची घोंगडी होतात. ही युक्ती मूळची इंग्लंडमधल्या बॅटली गावची, १८१३ ची. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जाणारी स्वस्त घोंगडी बऱ्याचदा याच सुताची असतात.

गाठींचा आणखी एक मोठा ओघ आफ्रिकेत जातो. घानामध्ये अशा कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ होतो, मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. पहिल्यांदा गाठी आल्या तेव्हा लोकांना वाटलं, इतके धड कपडे कुणी जिवंतपणी टाकेल कसं, मालक मेलाच असणार. मला हे वाचून हसू आलं आणि लगेच मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवला. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं, की हे कपडे हळूहळू बंद करायचे आणि आपल्या गिरण्या उभ्या करायच्या. रवांडाने आयातकर वाढवला. त्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत थांबवली. आमचं उतरलेलं घ्या, नाहीतर तुमचं नवं आम्ही घेणार नाही. पदर पसरायला नको म्हटल्यावर राग येणारी माणसं संगमेश्वरातच असतात असं नाही.

*

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण रत्नागिरीहून मदतीला गेलो होतो. चिखल उपसण्याचं काम दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या वर्गात कपडे लावायचं काम मिळालं. ठिकठिकाणांहून टेम्पो भरून कपडे आले होते. चेन तुटलेल्या जीन्स, एका पायातले बूट, लग्नातले शेरवानी, पिवळे पडलेले बनियन. पोत्यांतून ते जमिनीवर ओतले होते आणि माणसं त्यातून उपसून घेत होती. एक बाई, माझ्या आईच्या वयाची, ढिगापाशी आली. आमच्यातल्या एकाने तिच्या हातात वरचंच एक गाऊन दिलं. तिने ते उघडून पाहिलं, पाठीवर फाटलेलं होतं. तिने त्याची नीट घडी घातली, परत ठेवलं आणि काही न घेता निघून गेली. तो मित्र म्हणाला, "बघ, एवढं सगळं वाहून गेलं तरी नखरे आहेत." मी मान डोलावली होती. आज हे लिहिताना ती मान डोलावणं मला छळतं.

दुपारी शाळेतल्या एका शिक्षिकेने सगळं थांबवायला लावलं. फाटकं बाजूला काढा म्हणाल्या. बाकं जोडली, मापाप्रमाणे ढीग केले, साड्या दोरीवर टांगल्या, एका कोपऱ्यात पडदा लावून बायकांना अंगाला लावून बघायला जागा केली. कपडे तेच होते. पण लोक आता दुकानात आल्यासारखे फिरत होते, रंगावरून एकमेकींना विचारत होते, नको ते परत ठेवत होते. गावोगावच्या 'माणुसकीची भिंत'चं मर्म मला वाटतं तेच आहे. खुंटीला टांगलेलं, देणारा समोर नाही, हवं ते घ्या, नको तर राहू द्या.

सकाळची ती बाई दुपारी परत आली की नाही, मला माहीत नाही. मी बघत होते.

*

जॅकेट मी अजून घालते. ते टाकून देऊन काही सिद्ध होणार नाही. बूट मात्र चावतात. आधीच्या माणसाच्या पायाचा आकार लेदर सोडत नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या पादुका डोक्यावर घ्यायची रीत आहे, पायात घालायची नाही, त्याला हेही एक कारण असेल.

थ्रिफ्ट करणं म्हणजे आपण पृथ्वी वाचवतोय, असं मी आता कुणाला सांगत नाही. मला जुनं घेता येतं, कारण मला नवंही घेता येतं. माझ्या जॅकेटकडे बघून मी गरीब आहे असं कुणाला वाटत नाही, आणि "हे माझ्या आईचं" म्हणणारं मूल माझ्या गावात नाही. हे सगळं साडेचारशे रुपयांच्या बाहेरचं आहे, ते मला आधीपासून मिळालेलं आहे.

मागच्या महिन्यात कपाट आवरलं. पाच-सहा कुर्ते, दोन जीन्स निघाल्या. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या काकूंना द्यायचं मनात होतं. पिशवी भरून दारापाशी ठेवली, आणि आजीकडे बघितलं. ती काहीच म्हणाली नाही. मग मी पिशवी रिकामी केली, कुर्ते पलंगावर मांडले आणि काकूंना विचारलं, "काकू, यातलं तुम्हाला किंवा तुमच्या मुलीला काही आवडतंय का बघा. नाहीतर बोहारणीला देणार आहे."

काकूंनी एकेक उचलून बघितलं. एक निळा कुर्ता बाजूला काढला. बाकीच्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे नको. रंग उडालाय."

आजी पडवीतून म्हणाली, "बरोबर हाय तिचं."